सरकलेली पट्टी

पंचवटीतल्या भाजीबाजारामागे जुन्या साड्यांचे चौकोन जोडून गोधड्या शिवणाऱ्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. शिवणीच्या कडेला बरोबर पाव इंच कापड सुटावं म्हणून त्यांनी मशीनवर जखमेला लावायची चिकटपट्टी डकवली होती. चौकोनाची कड त्या पट्टीला टेकवायची आणि शिवायचं. चार चौकोन जोडले की त्या उठायच्या, मोजायची टेप लावून बघायच्या, बसायच्या, पुन्हा उठायच्या. पाहूनच मला दम लागायचा.

"एवढंतेवढं चालतं हो," मी एकदा म्हणाले.

"सुताएवढी चूक शेवटच्या रांगेत बोटभर होते, ताई."

आईसाठी त्यांच्याकडून शिवून घेतलेली गोधडी घरी आणल्याला आठवडा झाला असेल. भर दुपारी बाई दारात उभ्या. "पट्टी सरकली होती. तुमची पण त्यातच शिवली गेली. द्या, उसवते."

"कुणाला दिसतसुद्धा नाहीये. आणि आई पांघरून झोपलीय."

"झोपू द्या."

त्या पलंगाशी बसल्या. एक गुडघा सारखा हलत होता. मी चहा घेऊन आले, तेव्हा आई झोपलेलीच होती आणि तिच्या पायाशी पहिली शिवण उसवून झाली होती.