चुका शिकवणारी मिलेना

मिलेना प्रत्येक वर्ग स्वतःच्या चुकांपासून सुरू करायची. समोर परदेशातून आलेले कारकून, शिक्षक, वकील वह्या उघडून बसलेले असायचे. ही सत्तरीची बुटकी बाई त्यांच्याकडे बघत म्हणायची, "आम्ही बरोबर काय केलं ते पुस्तकांत छापलंय. आम्ही काय घाण केली ते मी सांगते."

ती चेक. कम्युनिस्ट राजवट गेली तेव्हा मोरावियातल्या एका छोट्या नगरपालिकेत टंकलेखक होती. त्याच खुर्च्या आणि तीच माणसं घेऊन नवा कारभार उभा करायचा होता. तो अनुभव आता चेक सरकार आपल्या विकासनिधीतून इतर देशांना देतं. जर्मनीतल्या येना शहरातली आमची लहानशी प्रशिक्षण संस्था त्यात भागीदार होती. व्हिसा, हॉटेल, जेवण, प्रवास हे सगळं माझ्याकडे. मी प्रत्येक गोष्टीची यादी करते: कोण शाकाहारी, कोणाला जिना चढवत नाही, कोणाला रस्त्याकडची खोली हवी.

मिलेनाला याची गंमत वाटायची. "फ्राऊ पाटणकर, तुम्ही तेव्हा आमच्याकडे असता, तर पक्षाने तुम्हाला डोक्यावर घेतलं असतं!" हजेरीपटावर मात्र ती कोणाला सही करू द्यायची नाही. "डोकी मोजा. सहा आत, सहा बाहेर. तेवढं पुरे." मला तो म्हातारपणाचा हट्ट वाटे.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात सहाजण आले. त्यांच्या देशाचं नाव मी अजूनही लिहीत नाही. तिथे निवडणुका होतात, पण निकाल आधीच ठरलेला असतो. त्यांच्यात दिलारा होती. शाळेत भूगोल शिकवायची. मतमोजणीला साक्षीदार म्हणून बसताना काय बघायचं, कुठे अडून राहायचं, हे शिकायला ती आली होती.

तिसऱ्या दिवशी मला फोन आला. स्वच्छ जर्मन. ट्रॅव्हल कंपनीतून बोलतोय, परतीच्या गाड्यांसाठी प्रवाशांची यादी हवी आहे. मी दोन मिनिटांत पाठवली. नावं, घरचे पत्ते, हॉटेलच्या खोल्या, सगळं एका तक्त्यात. असं काम झटपट झालं की मला बरं वाटतं.

शुक्रवारी सकाळी दिलारा वर्गात आली ती पांढरीफटक. तिकडे मायदेशी तिच्या आईकडे दोन माणसं येऊन गेली होती. चहा मागून प्यायले. जाताना म्हणाले, "लेकीची खोली दोनशे चौदा. खिडकी रस्त्याच्या बाजूला. बरोबर ना?"

ती खिडकी माझ्याच तक्त्यात होती. मी मिलेनाला स्वयंपाकघरात गाठलं आणि सांगितलं.

"किती नावं?"

"सहाही."

"पत्ते?"

"हो."

"तर मग आत जा आणि सांगा."

"तुम्ही सांगाल का? माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही."

"नाही. यादी तुमची आहे. पाय लटपटत असतील तर बसून सांगा, पण आत्ता."

मी बसून सांगितलं. एका वकिलाने एवढंच विचारलं, "माझ्या मुलांच्या शाळेचं नाव होतं त्यात?" नव्हतं. दिलाराने वही मिटून पिशवीत टाकली.

संध्याकाळी ट्रामची वाट बघताना मिलेना बोलली. राजवट गेल्यावर गावात खबऱ्यांची यादी निघाली. टंकलेखन तिचं. एकाच नावाचे दोघे होते, तिने जन्मसाल तपासलं नाही. यादी नगरपालिकेच्या दारावर लागली. तिसऱ्या आठवड्यात गावचा घड्याळजी नदीत सापडला. तो त्या नावाचा दुसरा माणूस होता. "ही चूक मी वर्गात कधी सांगितली नाही," ती म्हणाली. "जमलं नाही."

दिलाराने जर्मनीतच थांबावं म्हणून मी वकील, अर्ज, कागदपत्रं असं सगळं रात्रीतून मांडलं. तिने वाचलं आणि म्हणाली, "आई एकटी आहे. मी न गेले तर ते तिलाच विचारत राहतील."

"मग मी बरोबर येते," मिलेना म्हणाली. "परदेशी म्हातारी शेजारी असली की त्यांना जरा विचार करावा लागतो."

तिथल्या विमानतळावर मिलेनाला नऊ तास बसवून ठेवलं आणि पुढच्या विमानाने परत पाठवलं. दिलाराला दुसऱ्या खोलीत नेलं होतं. तिचा निरोप यायला दोन दिवस लागले: घरी आहे. त्या दोन दिवसांत मी फोन उशाशी नाही, हातात घेऊन झोपले.

ती माणसं थांबली नाहीत. महिन्यातून एकदा येतात, चहा पितात, इकडचं तिकडचं विचारतात, जातात. दिलारा मला कळवते. दर महिन्याला मिलेनाचा मला फोन यायचा. "आले होते?" मी खरं ते सांगायचे. "भीती कमी झाली का तुमची?" "नाही." "माझीही नाही," म्हणायची आणि ठेवायची.

गेल्या मार्चमध्ये चेक देशातल्या ब्रनोच्या हॉस्पिटलमध्ये मी मिलेनाला भेटले. फार थकली होती. आवाज ऐकायला वाकावं लागलं.

"या महिन्यात आले होते?"

"नाही," मी म्हणाले. "आता थांबले बहुतेक."

तिने माझा हात दाबला आणि डोळे मिटले. चार दिवसांनी ती गेली.

आले होते. या वेळी तिघं होते, आणि चहा नको म्हणाले.