सदनिका क्रमांक नसलेली वाचक

चंदनसारस्थ गृहसंकुल-ग्रंथालयाचे आजीव मानद चिटणीस, कपाटद्वयाधिपती, एकमेव किल्लीचे धारक, म्हणजे अस्मादिक, समस्त वाचकवृंदास थकल्या मनाने निवेदन करतात:

आज सकाळी वाचनमंडळात एका कादंबरीवर चर्चा झाली. कृष्णवर्णीय अनाथ मुलगा, त्याला अक्षरे शिकवणारी वृद्ध शिक्षिका आणि वर्णामुळे त्याला पुस्तक नाकारणारे गाव. बोलताना अध्यक्षा शोभाताईंच्या डोळ्यांना धार लागली.

आमचे सभागृह झाडणाऱ्या सुनंदाबाई वारली पाड्यावरून येतात. दर रविवारी केर काढून झाल्यावर त्यांनी याच कादंबरीची शंभर पाने उभ्याने वाचली आहेत. आज त्यांनी ती घरी न्यायला मागितली.

"सदनिका क्रमांकाशिवाय पुस्तक देता येत नाही गं," शोभाताई डोळे पुसत म्हणाल्या. "शेवट मी सांगते ना तुला."

"नको ताई. येवडी पानं उभ्यानं वाचली, ती शेवट कुनाकडून ऐकायला नाय."

तो नियम भिंतीवर अस्मादिकांच्याच सुवाच्य हस्ताक्षरात विराजमान होता. मी नोंदवहीत स्वतःचा सदनिका क्रमांक लिहिला आणि पुस्तक त्यांच्या हाती दिले. नियम बदलण्यास मात्र सूचक मिळाला नाही, अनुमोदक तर दूरच.

तथापि, एका सदनिकेस एकच पुस्तक, हाही नियम माझाच. परिणामी सौभाग्यवतींची अर्धी वाचलेली रहस्यकथा परत करावी लागली. खुनी कोण हे मला ठाऊक नाही, आणि कुणी सांगितलेले तिला चालणार नाही. सुनंदाबाईंचे पुस्तक परत येईपर्यंतचे हे पंधरा दिवस मी घरात कसे काढावेत, सुज्ञहो?