भिंतीवरचा हात

लूमचे मास्तर सोमवारी वारले. सोमवार त्यांचा सुट्टीचा वार. मी शाळेतून आलो तेव्हा त्यांच्या दारात चपला होत्या.

आमच्या चाळीत मास्तर दोन. मी महापालिकेच्या मराठी शाळेतला आणि ते कापड कारखान्यातले, बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. हाक आली की दोघांनीही वळून पाहायला हवं होतं, पण वळायचो मी एकटाच. त्यांना ऐकू येत नसे. लूमच्या खडखडाटात चाळीस वर्षं काढल्यावर कानांनी काम सोडलं होतं. लूमला काय झालंय ते मात्र त्यांना तळहाताने कळे. चालत्या लूमच्या सांगाड्यावर हात ठेवत, डोळे मिटत आणि सांगत, "बेअरिंग गेलं." त्यांचं निदान चुकलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

माणसांचं बोलणं ते ओठांवरून वाचत. माझी मिशी तेव्हा झुबकेदार होती. पहिल्याच भेटीत त्यांनी तक्रार केली, "मास्तर, तुमचे निम्मे शब्द मिशीतच अडकतात. बाकीचे मी अंदाजाने घेतो." मी हसण्यावारी नेलं. माझी पत्नी गेली त्यानंतर दोनेक महिन्यांनी त्यांनी सोमवारी दुपारी माझी कडी वाजवली. आपणहून माझ्याकडे येण्याची त्यांची ती बहुधा पहिलीच वेळ. "चाला," ते म्हणाले, "तुम्हाला सिंह दाखवतो."

कामरेजकडे जाणाऱ्या बसने आम्ही त्या मोठ्या बागेत पोचलो. बाग उघडी होती. आतल्या प्राणिसंग्रहालयाला कुलूप. फाटकावरचा रखवालदार गुजरातीत म्हणाला, "काका, सोमवारे बंध." त्यांची सुट्टी आणि सिंहाची सुट्टी एकाच वारी! मास्तरांनी पाटी वाचली, मान हलवली आणि ते संग्रहालयाच्या भिंतीला लागून असलेल्या बाकावर सरळ मांडी घालून बसले. मी त्यांच्या उजव्या हाताला टेकलो. त्यांनी डबा उघडून मला अर्धी भाकरी दिली.

ऊन उतरलं तेव्हा भिंतीपलीकडे सिंह ओरडला. मी दचकलो. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हनस तो?"

"गर्जना केली," मी म्हणालो.

"गर्जना पुस्तकात असते. वाजली कशी ते सांगा. तुम्ही शाळेचे मास्तर ना?"

मला सांगता येईना. खूप वेळाने मी म्हणालो, "कुणीतरी मोठं लाकडी कपाट फरशीवरून ओढतंय, असं. आणि शेवटी धाप लागल्यासारखं, तुटक तुटक." त्यांनी भिंतीवर तळहात टेकवला, डोळे मिटले. "हां. म्हणजे वीज गेल्यावर लूम थांबतो तसा. एकदम नाही. जिवावर आल्यासारखा." मी आयुष्यभर मुलांना भाषा शिकवली, पण त्या दिवशीइतका एखाद्या शब्दासाठी अडलो नव्हतो.

मग दर सोमवारी आम्ही जाऊ लागलो. माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपार मोकळीच असे. मोर, माकडं, नाव माहीत नसलेले पक्षी, सगळ्यांचे आवाज मी त्यांना शब्दांत करून देई. त्यांचं समाधान सहज होत नसे. "मागच्या सोमवारीही मोराला मांजरच म्हणालात. नवीन काही सांगा." मी घरी येऊन झोपेपर्यंत मोरासाठी शब्द शोधी. दुसऱ्याच आठवड्यात मिशी बारीक केली. रखवालदार आम्हाला पाहून हसे, "काका, आजे पण बंध!" मास्तर त्याला हात जोडून म्हणत, "राहू दे, राहू दे."

एकदा मी सुचवलं, शाळेला सुट्टी आहे, तुम्ही खाडा करा, मंगळवारी जाऊ, सिंह डोळ्यांनी पाहू. ते चिडलेच. "आत गेलो तर मलाच दिसेल. मग तुम्ही काय सांगणार?" मला ते त्यांचं एक खूळ वाटलं.

काही सोमवारी सिंह गप्प राही. एवढ्या लांब आलेल्या माणसाला रिकामं कसं परत न्यायचं? मी खोटंच म्हणे, "ओरडला." ते हात भिंतीवर ठेवत, डोळे मिटत. "आला," म्हणत. माझी थाप पचली म्हणून मला बरं वाटे, आणि त्यांच्या तळहाताची थोडी कीवही येई.

शेवटच्या वेळी ते खोकत खोकत आले. बसमधून उतरताना मी त्यांचा दंड धरला, तो त्यांनी सोडवून घेतला नाही. बाकावर बराच वेळ बसलो. भिंतीपलीकडे काहीच आवाज नव्हता. मी म्हणालो, "ओरडला. आज फार मोठ्याने."

त्यांनी हात उचलला नाही.

"मास्तर, तो खरंच ओरडला की आधी तुमचे खांदे उडतात, मग तोंड उघडतं. आज नुसती मिशी हलली."

मी खाली पाहिलं. "म्हणजे इतके दिवस तुम्हाला कळत होतं?"

"लूमच्या खडखडाटात चाळीस वर्षं तोंडंच वाचतोय मी."

"मग तो भिंतीवरचा हात?"

"भिंत काय सांगणार? सिमेंटची भिंत ती." ते हसले, हसताना पुन्हा खोकला आला. "पण कपाटाचं छान सांगितलं होतं तुम्ही. ते पुन्हा सांगा."

मी कपाटाचं पुन्हा सांगितलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत. माझ्या ओठांकडे पाहत राहिले.

मास्तरांचे दिवस झाल्यावर त्यांच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी चहा ठेवला आणि विचारलं, "मास्तर, तिथे सिंह आहे ना खरंच? घरी आल्यावर त्यांनी कधी सिंहाचं नाव काढलं नाही. चपला काढतानाच म्हणायचे, 'आज मास्तर भलता बोलना.' म्हणजे तुम्ही खूप बोललात. नाहीतर म्हणायचे, 'आज कमी बोलना. पुढल्या सोमवारी लवकर जास.'"

मी निवलेला चहा एका घोटात संपवला.

परवा सोमवारी बागेत गेलो होतो. रखवालदाराने चेष्टा केली नाही. बाकावर बसलो, ऊन उतरलं, सिंह ओरडला. माझे खांदे उडाले आणि मी डावीकडे वळून तोंड उघडलं.

सोमवारी बाग उघडी असते, प्राणिसंग्रहालय बंद असतं. मी मिशी अजून बारीक ठेवतो.