पोपटाशी बोलायचं नाही

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. तिला सांगितली असती तर ती आज ना उद्या आईच्या कानावर गेली असती, आणि आईच्या कानावर जाऊ नये एवढ्यासाठीच तर आठ वर्षं तोंड मिटून बसलोय. तुम्ही आईला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

गोष्ट तशी एका पोपटाची आहे. हसू नका — किंवा हसा. आता त्याचंही मला फारसं काही वाटत नाही.

वडील गेल्यावर मी आईला गावाहून अलिबागला आणलं. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मी सरकारी कचेरीत कारकून, बायको शाळेत शिक्षिका. सकाळी साडेनऊला दार ओढून घेतलं की संध्याकाळी सहापर्यंत आई एकटी. एकटी म्हणजे — ती आणि बाब्या. गावी वाडीतला वठलेला माड तोडला तेव्हा त्याच्या ढोलीतून हे पिल्लू खाली पडलं होतं, अंगावर धड पीससुद्धा नव्हतं. आईनं चण्याची भिजवलेली डाळ चुरडून, बोटानं भरवून त्याला वाढवला. गावी त्याचा पिंजरा पडवीत टांगलेला असायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो 'जयभीम' घालायचा आणि समोरच्यानं उत्तर दिल्याशिवाय गप्प बसायचा नाही. गावात माझ्यापेक्षा त्याला ओळखणारी माणसं जास्त होती, हे मी गमतीनं सांगत नाही.

फ्लॅटच्या गॅलरीत त्याला उत्तर कोण देणार? आई द्यायची. दिवसभर दोघांचं चालायचं. पण पडवीची सर गॅलरीला कुठून यायची?

पिसं पडायला लागली. आधी वाटलं, झडतायत, नवी येतील. मग एका रविवारी चहा घेत गॅलरीत बसलो असताना मी पाहिलं — मान वाकवून, अगदी सावकाश, तो आपल्याच छातीवरचं पीस चोचीत धरत होता आणि उपटत होता. दर वेळी बारीक चिरकायचा. म्हणजे दुखत होतं त्याला. आणि तरी लगेच पुढचं. महिन्याभरात छाती सोललेल्या कोंबडीसारखी झाली. आईनं कडुनिंबाचं पाणी करून पाहिलं, खोबरेल लावून पाहिलं, जुन्या पोलक्याच्या बाहीचं त्याला अंगडं शिवलं. ते त्यानं अर्ध्या तासात फाडलं. तेव्हा ती माझ्यामागे लागली — डॉक्टरला दाखव.

आता माझी भीती सांगायला हवी. आपल्याकडचा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. आईला ते ठाऊक नव्हतं, मला होतं. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा जिन्यात हसत हसत म्हणालेही होते, "तुम्ही सरकारी माणूस आणि घरात पोपट? कुणी तक्रार केली म्हणजे?" त्या वर्षी बढतीच्या यादीत माझं नाव होतं. घाबरट माणसाला एवढं पुरतं. खरंच कुणी तक्रार केली असती का? डॉक्टरनं मला पकडून दिलं असतं? बहुधा त्यानं पक्ष्याला तपासलं असतं, मला दोन शब्द सुनावले असते — आणि विषय संपला असता.

तरी एका शनिवारी निघालो. मिक्सरच्या खोक्याला भोकं पाडली, बाब्याला आत ठेवलं, खोकं स्कूटरवर पायांत धरलं आणि जनावरांच्या दवाखान्यापर्यंत गेलो. फाटकाशी खाकी कपड्यांतले दोघं उभे होते. वनखात्याचे? वॉचमन? कुणाचे ड्रायव्हर? मी विचारलं नाही. गाडी वळवली आणि समुद्रावर गेलो. बंधाऱ्यावर खोकं मांडीवर घेऊन बसलो. पर्यटकांच्या घोडागाड्या चालल्या होत्या. त्यातली एक अगदी जवळून गेली तसा खोक्यातून आवाज आला — जयभीम. गाडीवाला दचकला, मग हात वर करून म्हणाला, "जयभीम, दादा." मी भोकांवर हात ठेवला.

तासाभरानं उठलो. औषधाच्या दुकानातून लहान मुलांचे व्हिटॅमिनचे थेंब घेतले, लेबल थुंकीनं ओलं करून नखानं खरवडून काढलं. आई दारातच उभी होती.

"काय म्हनला डागतर?"

काहीही सांगता आलं असतं. थेंब द्या, उन्हात ठेवा — एवढ्यावर भागलं असतं. पण मी कारकून. आपल्याला हवं ते दुसऱ्याच्या सहीनं लिहायचं, हे आमच्या हाडीमांसी मुरलेलं असतं. मला काय हवं होतं? बाब्याचा आवाज गॅलरीतून बाहेर जायला नको होता. बस. म्हणून माझ्या डॉक्टरनं सांगितलं की हा बोलण्यानं बिथरतो, बिथरला की पिसं उपटतो. पिंजरा आतल्या खोलीत ठेवायचा. वर कापड टाकायचं. आणि त्याच्याशी बोलायचं नाही — अजिबात नाही.

आई चौथी शिकलेली. डॉक्टरचा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ. त्या दिवसापासून ती खोलीत जायची ती तोंडाला पदर लावून. डाळ, पाणी, पेरूची फोड ठेवायची आणि बाहेर यायची. तो कापडाखालून जयभीम-जयभीम करत राहायचा आणि ही स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, हातातलं काम थांबवून उभी असायची. हे मला बायकोनं सांगितलं, एका सुट्टीच्या दिवशी तिनं पाहिलं होतं. मी म्हणालो, औषधाला वेळ लागतो. आणि आई तरी दुसऱ्या कुणाशी बोलणार होती? संध्याकाळी मी घरी आलो की टीव्ही लावायचो.

पिसं आणखी जायला लागली. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी कचेरीत मोबाइलवर शोधलं. तिथं स्पष्ट लिहिलं होतं — पोपट हा थव्यातला जीव, एकटा पडला की स्वतःलाच ओरबाडतो, त्याच्याशी बोला, त्याला माणसांत ठेवा. मी ते दोनदा वाचलं. मग मोबाइल खिशात टाकला आणि डबा संपवला. म्हणजे मला माहीत नव्हतं असंही नाही. पण आता आईला काय सांगायचं? डॉक्टर चुकला म्हणून? मग ती म्हणाली असती, चल, मीच येते, मला त्यालाच विचारायचंय.

चौथ्या महिन्यात बाब्या गेला. थंडीचे दिवस होते, आणि त्याच्या अंगावर राहिलं होतं काय? डोकं तेवढं हिरवंगार होतं. तिथं स्वतःची चोच पोचत नाही.

पाच-सहा दिवसांनी आई भाजी निवडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "रागावू नको. मी बोलले रे त्याच्याशी. आदल्या दिवशी, दुपारी. कापड काढला, मांडीवर घेतला न् लय बोलले. ऱ्हावलाच न्हाय. डागतरनी न्हाय म्हनून सांगितलेला. माझ्यामुलं गेला तो."

तीच वेळ होती. ती आणि मी, मधे मेथीची जुडी, घरात दुसरं कुणी नाही. तोंड उघडायचं होतं फक्त. गेला बाजार, 'तुझा काय दोष, आई,' एवढं तरी म्हणता आलं असतं ना?

मी म्हणालो, "डॉक्टर सांगतात ते काही उगीच सांगत नाहीत, आई."

तिनं मान हलवली. मेथी निवडत राहिली.

त्यानंतर मला बढती मिळाली. कुणी तक्रार केली नव्हती. आई अजून आहे, ऐंशीच्या पुढे गेलीय, आणि कुणी विचारलं तर आजही सांगते की पोपट तिच्याच बोलण्यानं गेला. मी शेजारीच बसलेलो असतो.

गेल्या वर्षी मला मोठा ताप आला. आठवडाभर अंथरुणात होतो. बायको शाळेत गेली की आई तांदळाची पेज घेऊन यायची, उशाशी ठेवायची, कपाळाला हात लावून बघायची आणि बाहेर जाऊन दाराशी बसायची. दिवसभर तिथंच असायची. मी तापात काहीबाही बोलायचो, तिला हाका मारायचो. ती आत यायची, पाणी पाजायची, पांघरूण नीट करायची. त्या आठ दिवसांत माझ्याशी ती एक शब्दही बोलली नाही.

का, ते मी तिला विचारलं नाही. मला माहीत होतं.