दुसरा कप

धाकटी डहाणूच्या बंदरावर पोलिसांनी सभा घेऊन बजावलं होतं, "संशयित माणूस दिसला की कळवा." पुष्पाला तो शेजारीच सापडला. तलासरीकडून येऊन बर्फाच्या कारखान्यात लागलेला सुकऱ्या. मेला एकटा राहतो म्हणे! मग रोज संध्याकाळी दोन कप चहा कुणासाठी ओततो? दार लावून कुणाशी कुजबुजतो? आत नक्कीच कुणीतरी अतिरेकी दडवलाय. बोंबील वाळत घालतानाही तिचा कान त्याच्या भिंतीकडे असायचा.

शेवटी तिने पोलिसाला आणलंच. खोलीत निघाली एक चटई, एक स्टोव्ह आणि हार घातलेला बायकोचा फोटो. फोटोपुढे वाफाळता कप.

"तिला या वेळेला चहा लागायचा," सुकऱ्या म्हणाला. रागावला नाही. उलट कौतुकाने पुढे म्हणाला, "या ताईंचं बरं हाय. नवऱ्याशी रोज गप्पा मारतात, मला भिंतीतून ऐकू येतं."

पुष्पाच्या नवऱ्याची होडी समुद्रावरून परतलीच नव्हती, त्याला तीन पावसाळे झाले होते.

"मालक घरी आहेत का, मावशी?" पोलिसाने विचारलं.

"आहेत ना," पुष्पा म्हणाली. "जेवायचे थांबलेत माझ्यासाठी."

आणि तिने घाईघाईने आपलं दार लावून घेतलं.