दादामियाँच्या लाल-निळ्या रेघा

ट्रक दारात उभा राहिला, फकीर ड्रायव्हरनं कागद माझ्यापुढं टाकले आणि माल उतरायच्या आधीच मी सगळ्यांवर ‘पोचलं’चा शिक्का मारून ते वहीत चढवून टाकले. एकोणचाळीस कागद, एकोणचाळीस शिक्के. घाई एवढ्याचसाठी की उमरग्यात तंबूचा सिनेमा आला होता आणि पहिला खेळ साडेसहाला लागत होता. एरवीची रीत अशी, की धुळाप्पा हमालानं एकेक नग खाली घेताना हाळी द्यायची, मी त्याचा कागद काढायचा आणि मग शिक्का. त्या दिवशी धुळाप्पा रिकाम्या टेबलाकडं बघून हाळ्या देत राहिला आणि मी सतरंजीवर बसून पडद्यावरची तलवारबाजी बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी बुधवारी शरिफाबी पावती घेऊन आली. सोलापूरहून तिची शिलाई मशीन यायची होती. वहीत मशीन पोचली होती. गोदामात नव्हती. आणि गोदामाची किल्ली धुळाप्पाच्या करगोट्याला.

ट्रकच्या अड्ड्याचे आमचे मालक शरणबसप्पा, सगळ्यांचे अप्पा. त्यांचे चार ट्रक सोलापूर ते हुमनाबाद पळायचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि डोळ्यांत कायमचा संशय. देवाला नारळ फोडला तरी आधी हलवून बघणारा माणूस.

“कागद म्हणतो आली. तू म्हणतो न्हाय आली,” अप्पा धुळाप्पाला म्हणाले. “कागदाला पोट न्हाय, तुला हाय.”

“अप्पा, म्या ती पेटी डोळ्यानं बघितली न्हाय. बिरोबाची आण.”

“पुढच्या बुधवारपत्तूर मशीन आण. न्हाय तर कामावरनं कमी, आन् नाव फौजदाराकडं.”

मी बोलायला तोंड उघडलं. उघडलंच आहे म्हणून जांभई दिली आणि मिटलं.

पण अप्पांचा संशय एका माणसावर मावत नसे. त्यांनी दादामियाँना बोलावणं धाडलं.

दादामियाँ निजामाच्या अमदानीत करोडगिरीच्या नाक्यावर बावीस वर्षं होते. मुलखात येणाऱ्या मालावर जकात घ्यायचा तो नाका. कडब्याच्या पेंढ्यांखाली दडवलेला रेशमाचा तागा ते नुसत्या वासावरून काढतात अशी त्यांची ख्याती होती. रेशमाला वास असतो की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. विलीनीकरणानंतर काही वर्षांनी नाका उठला, पण दादामियाँच्या डोक्यातला उठला नाही. त्यांच्या बीबी फातिमाबी सांगायच्या, “घरातलं मीठ सरलं तरी विचारतात, आलं कधी, आणलं कुणी, कोणत्या डब्यातून गेलं!”

कोपरावर विरलेली शेरवानी घालून ते आले आणि अड्ड्यावर कुजबुज सुरू झाली. नाक्याचा माणूस. अप्पाचा कान. जो तो त्यांच्याकडं पाठ करून बसू लागला, आणि मी सगळ्यांत आधी.

गंमत म्हणजे मशीन कुणी नेली, हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही. हमाल असो, ड्रायव्हर असो, प्रश्न तेच तीन. “कागद तुझ्याकडं कुठनं येतो? पुढं कुठं जातो? आन् न्हाय आला तर तू काय करतो?” उत्तर ऐकून मान हलवायचे, आणि मग खरोखर तसंच होतं का ते बघायला तिथंच उकिडवे बसायचे. सांगितलेल्यावर त्यांचा विश्वास नव्हता. कशावर होता कोण जाणे.

सिमेंटच्या पोत्याचा कागद उलगडून त्यांनी तो भिंतीला ठोकला. प्रत्येक माणसाचा एक गोल. हातात दोन तोंडांची पेन्सिल, लाल नि निळी. कागद जातो तिकडं लाल रेघ, माल जातो तिकडं निळी. शेजारी भिंतीवरच बुधवारपर्यंतची, दिवसाला एक अशी सात घरं आखली, आणि कुणाला कधी गाठायचं ते त्यांत भरलं. पहिल्या घरात नळदुर्ग, तिसऱ्यात फकीर, सातव्यात अप्पा. सहाव्यात बब्रुवान. म्हणजे मी, अड्ड्याचा मॅट्रिक झालेला कारकून.

“चाचा, मी तर इथंच आहे. मला मंगळवारपर्यंत कशाला टांगता?”

“ज्याच्यावाचून पुढचं अडतं, त्याला आधी घ्यायचं, मॅट्रिकसाहेब,” ते पेन्सिलीचं टोक चाटत म्हणाले. “फकीरला गाठायच्या आधी नळदुर्ग बघितलं पायजे, न्हाय तर तो सांगंल तेच खरं. तुमच्यावाचून कुणाचं अडलंय?”

आधी बरं वाटलं. मग अपमान वाटला. मग, जेवताना, घास हातात राहिला. ह्यांना कळलंय. शाईच्या वासावरून काढलं असेल.

पुढचे दिवस मी त्यांच्या नजरा मोजत काढले. त्यांनी वही उघडली की मला खोकला यायचा. शनिवारी तर मला धुळाप्पाचाच संशय यायला लागला. त्याची बायको कोंडाबाई नवी चोळी घालून आली होती. मशीनशिवाय चोळी शिवली कशी? हे मी मनाशी इतकं पटवलं, की संध्याकाळी धुळाप्पानं पाण्याचा तांब्या पुढं केला तेव्हा मी त्याच्याकडं चोराकडं बघावं तसं बघितलं. तो बिचारा म्हणाला, “सायेब, तुमी तरी माझ्या बाजूनं हायसा नव्हं?”

त्याच शनिवारी फकीरची पाळी झाली.

“नळदुर्गात थांबता का?” दादामियाँ.

“चहा घेतो, चाचा.”

“मग?”

“मग काय, ट्रकवर बसतो नि चालू.”

“हौ. कुणाच्या ट्रकवर?”

फकीरची विडी विझली. दादामियाँ गुरुवारी अख्खा दिवस नळदुर्गच्या त्या चहाच्या हॉटेलात बसून आले होते.

भानगड अशी होती. अप्पांचे दोन ट्रक सोलापुराहून बरोबरच सुटायचे. एक उमरग्याला संपायचा, दुसरा उमरग्यात थोडा माल उतरवून पुढं हुमनाबादला. फकीरचं घर उमरग्यात, अण्णारावचं हुमनाबादला, आणि अप्पा पाळी लावायचे नेमकी उलटी. म्हणून दोघं नळदुर्गात हॉटेलामागं ट्रक बदलायचे आणि आपापल्या घरी झोपायचे. अड्ड्यावर सगळ्यांना ठाऊक. अप्पांना सोडून. कागदांची पिशवी ट्रकमध्येच लटकलेली, त्यामुळं कधी अडलं नाही. पण नाजूक मालाचा कागद चुरगळू नये म्हणून ड्रायव्हरनं टोपीत ठेवायचा, हा खुद्द अप्पांचा हुकूम, आणि शिलाई मशीन नाजूक मालात.

मंगळवारी दादामियाँनी मला भिंतीशी बोलावलं. सोलापुराहून लाल नि निळी रेघ जोडीनं निघाली होती. नळदुर्गात दोन्ही फुटल्या. लाल रेघ फकीरच्या टोपीतून उमरग्यात, माझ्या गोलात. निळी रेघ अण्णारावच्या ट्रकमधून थेट हुमनाबादला. त्याच्यापाशी कागदच नाही, तर पेटी इथं उतरवायचीय हे त्याला कोण सांगणार?

माझ्या गोलापासून वहीपर्यंतची जागा कोरी होती.

“हा बाण म्या न्हाय काढला,” पेन्सिल माझ्या हातात देत ते म्हणाले. “तुम्ही काढा.”

“कुठल्या रंगानं?”

“तुमच्या हाताला काय आलं होतं त्या दिवशी? माल का कागद?”

मी लाल बाण काढला. वाकडा आला.

“हाच बाण उद्या अप्पांपुढं काढायचा. म्या सांगितलं तर नाक्याच्या माणसानं चुगली केली म्हणतील. तुम्ही सांगितलं तर धुळाप्पा सुटतो.”

“आणि माझं काय?”

“तुमच्यासाठी निराळा कागद लागंल,” असं म्हणून त्यांनी पेन्सिल काढून घेतली.

त्यांनी आधीच हुमनाबादला चिठ्ठी धाडली होती. बुधवारी दुपारी अण्णाराव पेटी घेऊन आला. हुमनाबादच्या गोदामात ती बेवारशी पडली होती आणि तिथला हमाल रोज दुपारी तिच्यावर आडवा होत होता. धुळाप्पा पेटीला हात लावून खाली बसला. मला वाटलं, सुटलो; आता बोलायचं कारण नाही.

अप्पांनी पेटी हलवून बघितली. “म्हंजे ह्या धुळाप्पानंच तिकडं पोचवली,” ते म्हणाले. “पचंना म्हणून माघारी आली. कागदावर शिक्का हाय की. हितं पोचलीच नव्हती तर शिक्का कुणी मारला, बिरोबानं?”

धुळाप्पा माझ्याकडं बघत नव्हता. दादामियाँ बघत होते, पेन्सिल पुढं धरून.

“मी मारला, अप्पा,” मी म्हणालो. “माल न बघता. सिनेमाला जायचं होतं.”

“तुला कुणी पढवलं?” अप्पांचा पहिला सवाल. मग मी भिंतीवर बाण गिरवला. ते बराच वेळ लाल रेघेवर बोट फिरवत राहिले आणि बोट आपल्याच टोपीच्या हुकमापाशी आलं तेव्हा खोकले.

मला काढलं नाही. शिक्का मात्र धुळाप्पाच्या करगोट्याला, किल्लीशेजारी गेला. नग खाली आला की अक्षरओळख नसलेला धुळाप्पा मला शिक्का देतो, मी मारतो आणि परत करतो. कागद आता मालालाच सुतळीनं बांधून येतो. ड्रायव्हरांच्या पाळ्या दादामियाँनी अशा बसवल्या की ज्याचा त्याला घरी झोपता येतं. अप्पांना ह्यातही काहीतरी काळंबेरं वाटतं, म्हणून त्यांनी दादामियाँना कायमचंच ठेवून घेतलं.

त्या दिवशी सगळे पांगताना धुळाप्पा म्हणाला, “सायेब, ज्याच्यापायी माझी भाकर जात होती, त्यो शिनेमा हुता तरी कसा?”

“दाखवतो तुला. शब्द.”

दादामियाँनी लगेच भिंतीवर आठवं घर आखलं आणि भरलं : धुळाप्पाचा सिनेमा, जिम्मा बब्रुवान.

तंबू त्यानंतर दोनदा येऊन गेला. एकदा मला ताप होता, एकदा धुळाप्पाची मेंढरं कातरायला होती. मधल्या दिवाळीत भिंतीला चुना दिला. दादामियाँनी सात घरं काही परत काढली नाहीत. आठवं तेवढं काढलं, त्याच मजकुरासकट, लाल रंगात, आणि त्यात निळी रेघ अजून आलेली नाही.