हेकरूचा अकरावा काटा

ऐंशी सालानंतरची पाच वर्षं मी रत्नागिरीत मासे काढले. समुद्रातून नव्हे, कागदावर. मत्स्यसंशोधनाच्या एका लहानशा कार्यालयात मी चित्रकार होते. आपल्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या माशांचं एक सचित्र पुस्तक तिथे तयार होत होतं. मजकूर साहेब लिहायचे, चित्रं मी काढायचे.

मुंबईत चित्रकला शिकताना मी माणसं काढली, झाडं काढली, पण मासा फक्त ताटात पाहिलेला. नोकरी लागल्याचं सांगायला सासरी, पावसला गेले, तेव्हा सासूबाई भात वाढता वाढता थांबल्या. म्हणाल्या, "माशाचं चित्र काढायला पगार देतात? मग खाणाऱ्याला काय देत असतील!"

नवरा लोटे गावातल्या कारखान्यात शिफ्टवर होता, आठवड्यातून एकदाच घरी यायचा. मुलगी चार वर्षांची. तिला सांभाळायच्या शेजारच्या खाला. त्यांचा नवरा कुवेतला, मुलं मोठी झालेली. सकाळी मुलीला त्यांच्या ओट्यावर सोडताना माझा पाय निघत नसे. त्या हाताने मला बाहेर ढकलत म्हणायच्या, "तू जा गो. पोर काय पळून जातंय?"

काम मात्र असं होतं, की एकदा टेबलाशी बसलं की बाकी सगळं विसरायला व्हायचं. मासा ताजा असतानाच त्याचे पर टाचण्यांनी पसरून ठेवायचे, म्हणजे ते तसेच ताठ राहतात. मग डिव्हायडरने मापं घ्यायची. डोळ्यापासून तोंड किती, पाठीवरचा पर कुठे सुरू होतो, कुठे संपतो. पेन्सिलीचं चित्र साहेबांनी तपासून खाली सही केली, की बारीक निबने शाई भरायची. सावलीसुद्धा टिंबांनीच. एका माशाला हजारो टिंबं.

घरी आले की मुलगी माझी बोटं हुंगायची आणि विचारायची, "आज कोण होतं?" मग प्रश्नांची रांग. माशाला पापणी नाही, मग तो झोपतो कसा? त्याला पाणी ओलं लागतं का? काही प्रश्न मी दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारायचे, माझेच असल्यासारखे. पाण्याच्या प्रश्नावर त्यांनी कपाटातली दोन जाड पुस्तकं काढून चाळली होती.

साहेब तसे वाईट नव्हते, पण एकदा मुलगी तापाने फणफणली म्हणून मी दोन दिवस गेले नाही, तेव्हा म्हणाले होते, "बाई, हे काम एकाग्रतेचं आहे. मन दोन ठिकाणी असलं की टिंब चुकतं." बोलणं मनाला लागलं, कारण ते खोटं आहे अशी माझीही खात्री नव्हती.

एका शनिवारी खाला भाचीच्या लग्नाला बुरोंडीला गेल्या होत्या. हेकरू नावाच्या माशाचं चित्र पुरं झालं होतं. सोमवारी ते एस.टी.च्या पार्सलने पुण्याच्या छापखान्यात जायचं होतं. त्यावर शेवटची नजर फिरवायला मुलीला घेऊनच गेले. औषधात ठेवलेले मासे पलीकडच्या खोलीत असत, तिथे तिला जायला बंदी. पण हेकरू त्या दिवशी धुऊन माझ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये, काचेखाली ठेवला होता. मी तिला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, "हात मांडीवर. नुसतं बघायचं."

बालवाडीत तिला नुकतेच वीसपर्यंतचे आकडे यायला लागले होते. ती पायऱ्या मोजायची, बटणं मोजायची, वरणातली मोहरी मोजायची. आता ती हेकरूच्या पाठीवरच्या परातले काटे मोजू लागली. मग चित्रातले. मग पुन्हा माशाचे.

"आई, ह्याला एक जास्त आहे."

"नीट मोज."

तिने मोजले. अकरा. चित्रात दहा.

मी हसत काच उचलली, भिंग घेतलं आणि सुईच्या टोकाने पराच्या सुरुवातीची कातडी हलकेच वर केली. पहिला काटा तिथे होता. लहानसा, दुसऱ्या काट्याला चिकटून बसलेला, टोक तेवढं कातडीबाहेर. माझं हसू गेलं.

आदल्या महिन्यात मी तांब मासा काढला होता, त्याला दहा काटे. हाताला दहाची सवय झाली आणि हातानेच मोजलं असावं. पुढे एक रेघ ओढून चालण्यासारखं नव्हतं. पर सुरू कुठे होतो तेच चुकलं होतं, म्हणजे पुढची सगळी मापं चुकली. दोन आठवड्यांचं काम. खोटं कशाला सांगू, तसंच पाठवून द्यावं असंही वाटलं. कोण मोजणार आहे? पण एका चार वर्षांच्या मुलीने मोजले होते, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी चित्र, मासा आणि मुलगी, तिघांनाही घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. "चित्र चुकलंय," म्हटलं. "एक काटा राहिला. हिच्या लक्षात आलं."

त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं. आता ते एकाग्रतेचं वाक्य पुन्हा ऐकावं लागणार, असं मला वाटलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, ओठांत पुटपुटत मोजलं. मग चित्राच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ही सही माझी आहे ना?"

"हो."

"म्हणजे मीही मोजले नाहीत." ते खुर्चीत मागे टेकले. "हेकरूला अकरा असतात हे मला पाठ आहे. म्हणून मला अकराच दिसले. आणि तुम्हाला?"

"माझ्या हातात दहा होते."

"तुला काहीच माहीत नव्हतं," साहेब मुलीला म्हणाले, "म्हणून तू मोजलेस. हो ना?"

मुलीला ते काही कळलं नाही. तिने विचारलं, "तुम्ही एवढे मोठे, मग मोजलं का नाही?" साहेब इतके मोठ्याने हसले, की बाहेरचा शिपाई दारात आला.

छापखान्याला उशीर होणार असल्याचं पत्र गेलं. मी हेकरू पहिल्यापासून काढला. या वेळी टिंबं भरताना मुलीची आठवण आली, तरी ती मनातून हाकलायची धडपड केली नाही. शनिवारच्या अर्ध्या दिवशी तिला व्हरांड्यात बसायची मुभा मिळाली. आणखी काही बदललं असं म्हणता येणार नाही. पुढेही ती आजारी पडली की माझी रजा मांडली जायची, आणि रजेचा अर्ज घेताना साहेबांचं तोंड तसंच आंबट व्हायचं. पण ते वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारलं नाही. मीही ते स्वतःशी म्हणायचं सोडलं.

दीड वर्षाने पुस्तक आलं. तोवर मुलीचं माशांवरचं लक्ष उडून मुंग्यांकडे गेलं होतं. तिने पानं उलटली, हेकरूचे काटे मोजले, "बरोबर आहे" म्हणाली आणि खेळायला पळाली. खालांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि बाजारात मासे निवडावेत तसं एकेक पान बघितलं. हेकरूपाशी थांबल्या, त्याच्या डोळ्यावर बोट टेकवून म्हणाल्या, "ह्यो ताजा हाय गो."